न बांधलेल्या अदालतीतली खोली

१

शनिवारी सकाळी लातूरच्या नव्या अदालतीतली एक खोली चोरीला गेल्याचं उघडकीला आलं. गंमत अशी, की ती अदालत अजून बांधायचीच होती.

रेणुकादास वकील शेरवानीची बटणं लावत दिवाणखान्यात आले. चौरंगावरच्या नमुन्यावर धूळ बसू नये म्हणून टाकलेलं उपरणं त्यांनी उचललं आणि त्यांची बोटं तिसऱ्या बटणावरच थांबली. माणिकप्पा सुतारानं सागवानात घडवलेली ती छोटी अदालत म्हणजे सगळ्या गावाचा जीव की प्राण. तिची प्रत्येक खोली सुटी होती. खाचेतून उचलायची, दुसरीकडं बसवून बघायची. वकिलांच्या आणि व्यापाऱ्यांच्या समितीनं त्या खोल्या हातात घेऊन वर्षभर भांडणं केली होती. मुन्सिफसाहेबांचा इजलास, म्हणजे न्यायनिवाड्याचं दालन, उत्तरेला की पूर्वेला, दप्तरखाना कुठं, साक्षीदारांना सावली कुठं. पूर्वेची भिंत तर मुद्दाम कोरी ठेवली होती. आज दोन इजलास. उद्या गाव वाढलं की तिसरा तिथूनच काढायचा. एवढ्या लांबचं बघणारं गाव साऱ्या निजामशाहीत दुसरं दाखवा, असं रेणुकादास म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं.

आता सगळं जागच्या जागी होतं. फक्त दक्षिणेच्या कोपऱ्यात एक खाच रिकामी होती. वेगळ्या दाराची, जाळीमागं बसायची बायकांची खोली गेली होती.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. लातूरच्या कोर्टाला चढायला पायरीच नव्हती. मुन्सिफी, म्हणजे हे दिवाणी कोर्ट, भरायची ती सरकीच्या एका भाड्याच्या गोदामात. ऐन जबानीच्या वेळी एखादी म्हैस सरकीच्या वासानं आत डोकावायची आणि चपरासी तिलाही "खामोश!" म्हणून दरडावायचा. नांदेडचे वकील भेटले की हटकून विचारायचे, "काय हो, यंदा निकाल किती आणि सरकी किती?" पण बाजार वाढला तसे मुकदमे वाढले, गोदाम पुरेना, आणि सरकारनं लातूरला दुसरी मुन्सिफी द्यायचं मनावर घेतलं. अट एकच, जागेचा बंदोबस्त दाखवा. त्यासाठीच उद्या, रविवारी, हैदराबादहून जजसाहेब येणार होते.

गेलेल्या खोलीवर मात्र आधीपासूनच सगळ्यांचा डोळा होता. "इथं कुठं येतात बायका?" असं समितीत जो तो म्हणायचा. रेणुकादासांना ती हवी होती ती कमलम्मासाठी. रेणापूरची ही विधवा त्यांची पक्षकार. नवरा वीरण्णा गेला आणि दिरानं तिचं शेत दाबलं. परदानशीन, पडद्यात राहणारी बाई असती तर अदालतीनं घरी जाऊन तिची जबानी घेतली असती. पण शेतात राबणारी बाई परदानशीन कुठली, असा दिराच्या वकिलाचा हेका. बरं, गोदामाच्या दारात गाडीवानांची गर्दी, पानाच्या पिचकाऱ्या, शिव्या. बाई भिंतीपाशी यायची आणि गर्दी बघून तिथंच थबकायची. दोनदा तिच्या नावाचा पुकारा झाला, दोन्ही वेळा उत्तर आलं नाही. तिसरा पुकारा उद्याच होता. उद्याही ती हाजिर झाली नाही तर दावा खारिज.

आणि गुरुवारच्या बैठकीत, जजसाहेबांनी नको म्हटलं तर ही खोली काढून टाकायची असं ठरलं, तेव्हा रेणुकादास नुसतं "बघू" म्हणाले होते. आता बघायला खोलीच उरली नव्हती.

२

"चंद्रप्पा, काल इथं कोण कोण आलं?"

चंद्रप्पा हा अदालतीचा चपरासी. मिशा झुपकेदार आणि आवाज असा, की त्यानं पुकारा केला की बाजारातले बैल दचकायचे. शुक्रवारी अदालतीला सुट्टी, म्हणून नमुन्याच्या राखणीला त्याला वकीलसाहेबांच्या ओसरीवर बसवलं होतं.

"कुणीच आलं न्हाई, सरकार."

"जागचा उठला होतास?"

"आईची आन. दुपारपसून दिवेलागणीपस्तोर हितंच हुतो. मधी बाईसाहेबांनी पन्हं धाडलं, ते बी हितंच बसून पेलो."

रेणुकादासांचा जीव चरफडला. घराला दार एकच. खिडक्यांना गज. काल सकाळी खोली त्यांनी स्वतः पाहिली होती. दुपारभर ते समितीच्या लोकांबरोबर बाहेर होते आणि रात्री त्यांचं अंथरूण दिवाणखान्यातच होतं. म्हणजे चोरी झाली ती दुपारीच, आणि दुपारी तर कुणी आलंच नाही.

ते पुन्हा नमुन्यावर वाकले. उलटतपासणीत साक्षीदाराचा घाम बघून खोटं ओळखणारा हा माणूस. लाकडालाही तो तसाच न्याहाळत होता. खाच कुठं खरचटली नव्हती. खोली हिसकलेली नव्हती, अलगद उचललेली होती. खाचेच्या कडेला लाल मुंग्यांची ओळ लागली होती. आणि चौरंगाच्या पायाशी पडला होता एक हरभरा. भिजून फुगलेला आणि मग रात्रीत सुकून सुरकुतलेला. त्यांनी तो खिशात टाकला. तेवढ्यात माणिकप्पा सुतार आला, खाच बघून त्यानं कपाळावर हात मारला.

"उद्यापर्यंत दुसरी होईल का?" रेणुकादासांनी विचारलं.

"खोली हुईल हो साहेब, पर तिची जाळी? जाळी कोरायला चार दिस लागतेत."

ही वाटही बंद झाली. रेणुकादासांनी उरलेली बटणं लावली आणि सरळ गोदामाकडं निघाले.

गोदामात नाझर हणमंतराव दप्तरांच्या गठ्ठ्यांत गळ्यापर्यंत बुडालेले होते. अदालतीचा कारभार सांभाळणारा हा माणूस फटकळ, पण कामाला वाघ. बायकांच्या खोलीला सगळ्यांत मोठा विरोध त्यांचाच.

"माझ्यावर संशय?" ते उसळले. "हे बघा गठ्ठे! गेल्या साली गळतीनं फैसले भिजले. उन्हात वाळत घातले तर शेळीनं एक खाल्ला. अपील कुणावर करायचं, शेळीवर? होय, ती जागा मला हवी आहे. दप्तरखाना तिथं सरकवा म्हणून मी घसा कोरडा केला. पण मला जागा हवी आहे, वकीलसाहेब. खोली घेऊन मी काय करू?"

"काल दुपारी बैठकीतून मधेच कुठं उठून गेला होता का?"

"तुमच्याच शेजारी बसून बांधकामाच्या खर्चावर भांडत होतो की!"

ते खरंच होतं. रेणुकादास दाराशी आले तर चंद्रप्पा धावत येऊन उभा. त्याचा चेहरा गोरामोरा झाला होता.

"सरकार, एक सांगायचं ऱ्हायलं. काल सांजच्याला गुरुबसप्पा शेठची गाडी तुमच्या दारावरून गेली. कधी न्हवं ते पडदा लावलेली. रेणापूरच्या वाटंला लागली बगा."

३

गुरुबसप्पा शेठची आडत म्हणजे लातूरच्या बाजाराचं नाक. अदालतीसाठी गावाबाहेरची जागा त्यांनीच दिली होती, एक शब्द न काढता. शब्द काढला तो नंतर. अदालतीचा दरवाजा दक्षिणेला, आपल्या आडतीच्या तोंडावर असावा, म्हणजे पक्षकार येता-जाता पेढीवर टेकतील. आणि दक्षिणेला आडवी येत होती नेमकी बायकांची खोली.

कपाळावर भस्माचे पट्टे ओढून शेठ गादीवर बसले होते, पण मुद्रा अशी, की सगळा कापूस भिजल्यासारखी.

"या वकीलसाहेब. पान घ्या. जेवायचं मात्र म्हननार न्हाई, घरात चूल थंड हाय."

"का हो?"

"आमची कारभारीन दानम्मा गेली की माहेराला, रेणापूरला! काल तुमच्याकडून आली आन् उंबऱ्यावरूनच म्हनली, गाडी जुपा. चुलत बहिनीला भेटायचंय. पडदा लावा म्हनली. आजपस्तोर कधी पडदा न्हाई मागितला तिनं. म्या म्हनलं, अगं, उद्या-परवा जजसाहेब येनार, पाव्हनेरावळे हाईत. तर म्हनती, तवर येतेच की."

"शेठ, स्पष्ट विचारतो. दक्षिणेचा दरवाजा अजून हवा आहे का?"

गुरुबसप्पा ताठ झाले. "हवा हाय. पर त्याच्यापायी म्या चोरी करीन? जागा दिलेल्या हातानं लाकडाचा तुकडा उचलीन? वकीलसाहेब, दरवाजा न्हाई मिळाला तर न्हाई मिळाला. आमच्या गावात दोन मुन्सिफ बसून न्याव करनार, ही काय लहान गोष्ट हाय? माझा बाप बोरी-बाभळीतून चालत परगावच्या कचेरीला जायचा. माझी नातवंडं जानार न्हाईत!"

बोलता बोलता म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. खोटं बोलणाऱ्याचे डोळे रेणुकादासांनी आयुष्यभर पाहिले होते. हे तसे नव्हते. त्यांनी शेठच्या हातावर हात ठेवला आणि उठले.

रस्त्यानं येताना मात्र त्यांचं मन शेठच्या एका वाक्याशी अडून बसलं. साधंच वाक्य, बोलण्याच्या ओघात निसटलेलं. 'काल तुमच्याकडून आली.' आणि चंद्रप्पा तर शपथेवर सांगतो, काल कुणीच आलं नाही!

४

दुपारी जेवण झाल्यावर रेणुकादास नमुन्यापुढं बसले. खिशातला हरभरा त्यांनी तळहातावर घेतला आणि दाव्याची मांडणी करावी तशी मनाशी मांडणी केली.

नाझराला जागा हवी होती. त्यानं खोली काढली असती तर दप्तरखाना त्या खाचेत सरकवून ठेवला असता, म्हणजे जजसाहेबांना आयताच दिसला असता. शेठला दरवाजा हवा होता. त्यांना नुसती खोली नेऊन काय मिळणार, दक्षिणेची भिंत तर तशीच उभी होती. ज्यांना ती खोली नको होती त्यांना चोरी करायचं कारणच नव्हतं. उद्या जजसाहेबांनी एक 'नको' म्हटलं की ती आपोआप जाणार होती. नकोशी वस्तू कुणी एवढी जपून उचलत नाही. जिला हवी असते तीच माया करून नेते.

मग खोली हवी होती कुणाला?

त्यांनी ओसरीकडं बघून हाक मारली. "चंद्रप्पा! काल कुणीच आलं नाही म्हणतोस. बायका आल्या होत्या का?"

"बायका व्हय?" चंद्रप्पा हसला. "त्या तर लई आल्त्या की! बाईसाहेबांची चैत्रगौर न्हवती का काल? निस्ती रीघ लागल्ती. पर त्या हळदीकुंकवाच्या, सरकार. तेला कुनी येनं म्हनतं का?"

रेणुकादासांनी डोळे मिटले. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पुरुषांनी घर मोकळं करून द्यायचं, हा रिवाज. त्यापायीच तर ते स्वतः दुपारी बाहेर पडले होते! पन्ह्याचा गूळ हाताला चिकटतो, तो खाचेला लागला आणि मुंग्या आल्या. भिजवलेल्या हरभऱ्यांनी बायकांची ओटी भरतात, त्यातला एक दाणा इथं सांडला. सगळं डोळ्यांपुढं होतं. साऱ्या गावाच्या बायका दारातून आत आल्या, बाहेर गेल्या, आणि राखणदाराच्या हिशेबी कुणी आलंच नाही. अदालतीतही हेच चाललं होतं. बायका भिंतीपाशी येऊन परत जात होत्या आणि समिती म्हणत होती, इथं कुठं बायका येतात!

"अहो, काही हवं का?" चंद्रप्रभाबाई दारात उभ्या होत्या. त्यांची पत्नी. वीस माणसांचा स्वयंपाक आवाज न चढवता निभावणारी बाई. आठवड्यापूर्वी तिनं विचारलं होतं, गौरीपुढं आरास मांडायला तुमची अदालत द्याल का? रेणुकादास हसून म्हणाले होते, अदालत म्हणजे काय खेळणं आहे?

त्यांनी हरभरा पुढं धरला. "हा तुझ्या गौरीचा. मुद्देमालाजवळ सापडला."

चंद्रप्रभाबाईंनी तो घेतला, पाहिला आणि हळूच हसल्या. "सापडला एकदाचा चोर?"

"सापडला. मालही कळला कुठं आहे ते. नारळाएवढी तर खोली. खणात गुंडाळून दानम्माच्या ओटीत घातलीस. ओसरीवर पहारा बसलेला असताना, भर दुपारी, अदालतीची खोली ओटीतून गेली. ओटीत काय आहे हे कोणता पुरुष विचारील? शेठच्या गाडीतून ती रेणापूरला पोचली. दानम्माची चुलत बहीण म्हणजे आमची कमलम्माच ना?"

"हो, तीच."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही समितीपुढं ठेवलं असतं. समितीनं 'बघू' म्हटलं असतं." चंद्रप्रभाबाईंचा आवाज तेवढा एकदाच धारदार झाला. "कमलम्मा दानम्माला म्हणाली होती, पुरुष म्हणतात खोली होईल, पुरुष काहीही म्हणतात. डोळ्यांनी दाखवा. विधवा बाई, ती काही हळदीकुंकवाला येणार नाही. मग खोलीच तिच्याकडं धाडली. वेगळं दार दाखवा म्हटलं, जाळी दाखवा, आणि सांगा, ही तुझी आहे. पण हवी असेल तर स्वतः आणून जागेवर ठेवावी लागेल, जजसाहेबांपुढं."

"आणि ती आली नाही तर? उद्या ती खाच रिकामी राहील. सगळ्या गावाची शोभा होईल, प्रभा! दुसरी मुन्सिफीही हातची जाईल."

चंद्रप्रभाबाईंनी हरभरा पदराच्या गाठीत बांधला. मग म्हणाल्या, "ती आलीच नाही तर तुम्ही ती खोली तरी कुणासाठी बांधणार?"

रेणुकादासांनी नमुन्यावर उपरणं घातलं आणि बायकोकडं असं पाहिलं, की लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती लाजली. मग मात्र रात्रभर ते या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले.

५

रविवारी गोदाम झाडूनपुसून लख्ख केलं होतं. म्हशींना लांब हाकललं होतं. जजसाहेब छोट्या रेल्वेतून उतरून आले, उंच, पिकल्या दाढीचे, कमी बोलणारे. बरोबर बांधकामाचे इंजिनियर. नमुन्यावरचं उपरणं उचललं गेलं तेव्हा जजसाहेबांच्या तोंडून नकळत "वाह!" निघालं. दोन इजलास, दप्तरखाना, साक्षीदारांची ओसरी त्यांनी निरखून पाहिली. पूर्वेच्या कोऱ्या भिंतीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, तेव्हा रेणुकादास ताठ मानेनं म्हणाले, "हुजूर, तिसऱ्या इजलासासाठी. आमच्या नातवांच्या मुकदम्यांची सोय."

जजसाहेब हसले. मग त्यांचं बोट दक्षिणेच्या कोपऱ्यात थांबलं. "और ये ख़ाली क्यूँ?"

"ज़नाना कमरा था, हुजूर," इंजिनियर पुढं झाले. "निकाल दें तो ख़र्चा बचेगा."

"यहाँ औरतें आती हैं?" जजसाहेबांनी नाझराकडं पाहिलं.

हणमंतराव फटकळ होते, पण खोटे नव्हते. "जी नहीं. पुकारे पर आज तक एक भी हाजिर नहीं हुई."

समितीतल्यांनी माना खाली घातल्या. गुरुबसप्पा शेठ उपरण्यानं घाम पुसू लागले. रेणुकादासांचे कान रस्त्याकडं लागले होते. रस्त्यावर काहीच वाजत नव्हतं. इंजिनियरांनी पेन्सिल काढली, नकाशावर टेकवली सुद्धा.

तेव्हा बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

एक नाही, गाड्यांची रांगच आली. रेणापूरच्या, भातांगळीच्या, गावातल्या. पुढच्या गाडीतून दानम्मा उतरली, ठसठशीत कुंकवाची, नवऱ्याच्या उघड्या तोंडाकडं न बघता. तिच्यामागं बायका उतरत राहिल्या. म्हाताऱ्या, तरण्या, कडेवर पोर असलेल्या. दारातले गाडीवान आपसूक बाजूला झाले, कारण चंद्रप्रभाबाई घरून चालत येऊन केव्हाच्या दाराशी उभ्या होत्या आणि त्यांच्याकडं बघून पिचकारी टाकायची कुणाची छाती नव्हती.

सगळ्यांत शेवटी कमलम्मा उतरली. काळीसावळी, उन्हानं रापलेली, कपाळावर भस्म. हातात खणात गुंडाळलेलं काहीतरी. गोदामाच्या दारात तिचे पाय अडखळले. दोन्ही वेळा ती इथूनच परतली होती. तिनं मागं वळून बायकांकडं पाहिलं, मग उंबरा ओलांडला आणि थेट नमुन्यापाशी आली. खण सोडला. जाळीची, वेगळ्या दाराची ती इवलीशी खोली तिनं दोन्ही हातांनी खाचेत बसवली आणि अंगठ्यानं दाबली. टक् असा आवाज झाला.

"ही आमची हाय," ती म्हणाली.

जजसाहेबांनी विचारलं, "बीबी, तुम आज पहली बार आई हो?"

रेणुकादास भाषांतर करायला पुढं झाले, पण कमलम्माला कळलं होतं. "पहिल्यांदा कसं, सायब? आमी तर दर तारखेला येताव. ह्या भित्तीच्या पल्याड उभं ऱ्हाताव. तुमच्या मान्सानं हाक मारल्याली ऐकू येती. आमची ओ मातर आत येत न्हाई. उभं ऱ्हायला जागा द्या, मग मोजा आमाला."

गोदामात म्हैस असती तर तीही खामोश झाली असती. जजसाहेबांनी त्या खोलीच्या इवल्या दाराला बोट लावून पाहिलं. मग त्यांनी इंजिनियरांच्या हातातली पेन्सिल घेतली, नकाशावरच्या त्या कोपऱ्याभोवती जाड रेघ मारली आणि खाली आपली सही केली. हणमंतराव नाझर घसा साफ करत म्हणाले, "हुजूर, दप्तरखाना वर माडीवर नेता येईल. मी सांगणारच होतो." ते असलं काही सांगणार नव्हते हे अख्ख्या समितीला ठाऊक होतं, पण त्या दिवशी कुणी त्यांची उलटतपासणी घेतली नाही.

गुरुबसप्पा शेठ बायकोच्या कानाशी लागले. "अगं, गाडी ह्याच्यापायी नेल्ती व्हय? आधी सांगितलं असतंस तर दोन गाड्या दिल्या असत्या की!" आणि त्यांनी छाती अशी काढली, जणू सगळा बेत त्यांचाच होता.

रेणुकादास चंद्रप्रभाबाईंपाशी गेले. आयुष्यात कितीतरी दावे जिंकले, पण ऊर असा कधी भरून आला नव्हता. "प्रभा," ते हळूच म्हणाले, "पुढच्या चैत्रात अदालत तुझ्या गौरीपुढं मांडू. सगळ्या खोल्यांसकट."

मुन्सिफसाहेब आपल्या खुर्चीवर बसले. दिवसाचा पहिला मुकदमा त्यांनी पुढं ओढला आणि चपराशाला खूण केली. चंद्रप्पानं सवयीनं दाराबाहेर जाऊन छाती भरून घेतली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो परत आत आला. बैल दचकवणारा आवाज त्यानं जन्मात पहिल्यांदा खाली आणला.

"कमलम्मा, बेवा वीरण्णा, हाजिर है?"

"हाजिर हाय," कमलम्मा म्हणाली, आणि ते भिंतीपलीकडंही ऐकू गेलं.